शिल्लक आठ

सईदा होडेकरांनी आयुष्यात खोटा आकडा लिहिला नव्हता, आणि त्याचा त्यांना थोडा गर्वही होता. खाजणे गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या औषधं सांभाळायच्या. सरकारी कागदावर औषध निर्माण अधिकारी, गावाच्या तोंडी गोळ्यावाल्या बाई. सतरा वर्षं एकाच खुर्चीत. डॉक्टर आले आणि गेले. कुणी सहा महिन्यांत बदली करून घेतली, कुणी पुढच्या शिक्षणाचं नाव सांगून काढता पाय घेतला. आता तर आठ महिने डॉक्टरची जागाच रिकामी होती आणि शेजारच्या केंद्राचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येऊन तोंड दाखवून जात. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. नवरा कुवेतला, मुलगी लग्न होऊन मुंबईला, घरात त्या आणि सासू. घरातल्या डब्यात तांदूळ किती आहेत हे सासूला विचारावं लागायचं, पण केंद्राच्या कपाटात कोणत्या गोळीची किती पाकिटं आहेत हे बाई झोपेतसुद्धा सांगू शकत.

अशा बाईच्या हातून जे घडलं ते समजायचं तर आधी उसनवारी समजून घ्यायला हवी. घरात साखर संपली की शेजारणीकडे वाटी जाते. त्या वाटीची कुणी पावती फाडत नाही. फाडली तर शेजारीण पुन्हा दारात उभं करणार नाही. रत्नागिरीच्या त्या सगळ्या पट्ट्यात आरोग्य केंद्रांचं लशींच्या बाबतीत तसंच चाले. सईदाबाईंचा शेजार होता देवकोंडच्या केंद्राशी. ते महामार्गाच्या पलीकडे, घाटाच्या अंगाला. तिथं काशीराम औषधं सांभाळायचे. बारा वर्षांत दोघांची समोरासमोर भेट चार-पाच मीटिंगांत झाली असेल, पण फोनवरचा आवाज दोघांच्या ओळखीचा. आज त्यांच्याकडे धनुर्वाताची लस नाही, बाईंनी पाठवली. उद्या बाईंकडे गोवराची संपली, त्यांनी पाठवली. बंदरावरच्या बर्फाच्या फॅक्टरीतून बर्फ आणायचा, कुप्या बर्फाला चिकटून गोठू नयेत म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळायच्या, थर्मासात घालायच्या आणि थर्मास एसटीच्या कंडक्टरच्या हवाली करायचा. महामार्गावर हातखंब्याला बाळा नावाच्या माणसाच्या पानटपरीवर तो उतरे आणि दुसऱ्या गाडीने देवकोंडला जाई. बारा वर्षांत एक कुपी फुटली नाही की हरवली नाही.

नियमात हे बसत नव्हतं. वरच्या ऑफिसच्या हुकमाशिवाय एका केंद्राची लस दुसऱ्याला द्यायची नाही, असा नियम. तो हुकूम टाइप होऊन, सही होऊन, टपालाने यायला बारा दिवस लागत. पिसाळलेला कुत्रा काही बारा दिवस थांबत नसतो. म्हणून उसनवारी रजिस्टरच्या आत कधी येत नसे. बाई समासात पेन्सिलीने ‘का. ५’ असं बारीक लिहीत, म्हणजे काशीरामांकडे पाच. परत आल्या की खोडरबरने पुसून टाकत. वर्षाच्या शेवटी तपासणीला साहेब येत, तेव्हा समास स्वच्छ असे आणि शिल्लक कुपीला कुपी जुळे.

मग कॉम्प्युटर आला. दोन हजार सहाच्या दिवाळीत तो टेम्पोतून उतरला आणि महिनाभर खोक्यातच बसला. प्रशिक्षणाला कोण जाणार म्हटल्यावर नर्सबाईंनी कानावर हात ठेवले, क्लार्कला चष्म्याचं निमित्त सापडलं. सईदाबाई गेल्या. शेचाळिसाव्या वर्षी त्यांनी रत्नागिरीत तीन दिवस जाऊन-येऊन माउस धरायला शिकून घेतलं. पहिल्या दिवशी हाताला घाम फुटला होता. तिसऱ्या दिवशी शेजारच्या दोघांना त्याच शिकवत होत्या.

दर शनिवारी फोनची तार काढून कॉम्प्युटरला लावायची, पडद्यावरचे रकाने भरायचे: मागची शिल्लक, आलेल्या, वापरलेल्या, पेशंट किती, त्यांची नावं-गावं, आजची शिल्लक. सगळ्या केंद्रांचे आकडे वर गेले की एक यादी तयार होई, कुठं कोणती लस किती आहे त्याची, आणि ती सगळ्यांना दिसे. शिकवणारे साहेब म्हणाले, “आता पेशंटला दारोदार फिरावं लागणार नाही. तुटवडा कुठं आहे ते आम्हाला इथं बसून कळेल.” बाईंना ते मनापासून पटलं. त्यांनी हात वर करून विचारलं, “साहेब, शेजारच्या केंद्राला दिल्या तर कुठल्या रकान्यात लिहायच्या?”

“बाई, आमच्या हुकमाशिवाय द्यायच्याच नाहीत. मग रकाना कशाला?”

सगळे हसले. त्या खोलीत तीस माणसं होती आणि त्यातलं एकही असं नव्हतं की ज्याने उसनी लस दिली किंवा घेतली नव्हती. तरी सगळे हसले. सईदाबाईही हसल्या.

फेब्रुवारीत रेबीजच्या लशीचा पुरवठा आटला. वरून नुसतं ‘येतंय, येतंय’. खाजण्याला नऊ कुप्या होत्या. एक कुपी म्हणजे एका माणसाची एक सुई, आणि कुत्रा चावलेल्या माणसाला महिनाभरात पाच सुया लागतात. म्हणजे नऊ कुप्यांत दोन माणसंही पुरी होत नव्हती. बाई त्या नऊ कुप्या डोळ्यांत तेल घालून जपत होत्या, तोवर काशीरामांचा फोन आला.

“सईदाताई, वाट लागली हो इथं. एका वाडीत चौघांना चावलाय. पिसाळलेलाच आहे, लाळ गळत होती. दोन तर पोरं आहेत, एकीला पाच वर्षं. माझा फ्रीज रिकामा.”

“किती हव्यात?”

“आठ द्या. दोन-दोन तरी होतील. माझी मागणी गेलीय वर, माल आला की पहिल्या तुमच्या.”

बाईंनी फार विचार केला नाही. विचार करायचा असता तर बारा वर्षांपूर्वीच केला असता. दुपारच्या गाडीने आठ कुप्या गेल्या, फ्रीजमध्ये एक उरली.

शनिवारी त्या कॉम्प्युटरपुढे बसल्या. आठ वापरल्या असं लिहावं तर पडदा पेशंटची नावं मागत होता, आणि खाजण्याला त्या आठवड्यात कुणालाच कुत्रा चावला नव्हता. खोटी नावं लिहिणं त्यांच्या रक्तात नव्हतं. नावं न लिहिता शिल्लक एक टाकावी तर लाल अक्षरं उमटत: शिल्लक जुळत नाही. समासात पेन्सिलीने लिहावं तर कॉम्प्युटरला समास नव्हता. त्यांनी दहा मिनिटं विचार केला. उसनं दिलेलं म्हणजे काही गेलेलं नसतं, आठ-दहा दिवसांत परत यायचंच असतं. आज एक लिहिली आणि उद्या आठ परत आल्या तर त्या कुठून आल्या सांगायच्या? त्यांनी नऊ लिहिलं आणि बटण दाबलं. पुढच्या शनिवारीही नऊ. त्याच्या पुढच्याही.

देवकोंडला याच्या उलट गंमत झाली, गंमत म्हणायची तर. काशीरामांनी चौघांना सुया दिल्या, पण लस आल्याची नोंदच नाही तर वापरल्याची कशी करणार? त्यांच्या रकान्यात शिल्लक शून्य, पेशंट शून्य. वरच्या साहेबांनी यादी पाहिली असेल आणि त्यांना वाटलं असेल, देवकोंडला लस नाही पण गरजही नाही. खाजण्याला तर नऊ पडून आहेत. तुटवडा पडद्यावरून असा गुपचूप नाहीसा झाला. कुणी खोटं बोललं नव्हतं.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी अकराच्या सुमाराला केंद्राच्या पायरीवर एक जोडपं येऊन टेकलं. पावस गावाच्या अलीकडे कातळाच्या सड्यावरच्या एका बागेचा राखणदार भागोजी, आणि त्याची बायको गंगा. भागोजी पन्नाशीचा, काटक, मानेला पंचा गुंडाळलेला. दोन गाड्या बदलून आले होते.

“आडिवलीच्या दवाखान्यात गेलो व्हतो, बाय,” गंगा म्हणाली. “त्यांनी मशिनीत बघितलानी आनि सांगितलानी, हितं न्हाय, खाजण्याला नऊ हायत, तितंच जावा.”

बाईंनी दोघांना आत घेतलं. पंचा सोडला तर कानाच्या खाली, मानेवर, चार दात रुतलेले. वर चुना आणि तिखटाचा थर. चावून दहा दिवस झाले होते. काजूचा हंगाम, बाग सोडून जायचं कसं, म्हणून घरगुती औषध केलं. पण त्याच कुत्र्याने मालकाचं वासरू चावलं होतं आणि ते आदल्या दिवशी तडफडून मेलं, तेव्हा गंगाने नवऱ्याला ओढत आणलं.

बाईंनी आधी जखम साबणाने धुतली, चांगली पंधरा मिनिटं. मानेवरच्या चाव्याला खरं तर लशीबरोबर जखमेभोवती टोचायचं सीरमही लागतं; ते या केंद्राने कधी पाहिलंही नव्हतं. फ्रीजमधली एकुलती कुपी त्यांनी काढली आणि नर्सबाईंकडे दिली. भागोजी दंड पुढे करून हसला.

“दंडातच? माज्या आज्याला पोटात चौदा टोचलानी व्हत्या. मला वाटला, आता पोट चाळनी व्हतंय.”

“आता पाचच,” बाई म्हणाल्या. “दुसरी शुक्रवारी. चुकवायची नाही हां, भागोजी. काही झालं तरी शुक्रवारी यायचं.”

“येतो. तुमी हाव म्हनून बरा झाला, बाय,” गंगा म्हणाली.

ते दोघं गाडीला गेले आणि बाईंनी फोन उचलला. काशीरामभाऊ, माझ्या आठ परत पाठवा, आजच्या आज. काशीराम म्हणाले की आठही टोचून झाल्या, पुढच्या सुयांसाठी त्यांनी आणखी एका केंद्राकडून उसन्या आणल्या, त्याही संपत आल्यात. “सोमवारपर्यंत थांबा ताई. माल येतोय, मला आतून कळलंय. सोमवारी पहिल्या गाडीने तुमच्या तुम्हाला.”

“शुक्रवारी हवी मला. मानेवरचा चावा आहे.”

“मग वर सांगू नका एवढंच म्हणतो. जूनमध्ये रिटायर होतोय मी. चौकशी लागली तर सगळं अडकेल. बारा वर्षांत मी तुम्हाला कधी नाही म्हटलं का?”

म्हटलं नव्हतं, हे खरं होतं. बाईंनी रत्नागिरीतल्या तीन मेडिकल दुकानांत फोन केले. खासगीतही माल नव्हता, शहरातल्या मोठ्या दवाखान्यातही नव्हता. मग वरच्या ऑफिसला लावला.

“खाजणे ना?” तिथले साहेब म्हणाले. “तुमच्याकडे नऊ दिसतात.”

“आज एक वापरली, साहेब.”

“म्हणजे आठ. मग फोन कशाला करताय? शून्यवाल्यांना आधी द्यायचंय आम्हाला.”

सांगायचं असतं तर तेव्हाच सांगायचं होतं. शब्द जिभेच्या टोकावर आले होते. इथं बाई चुकल्या. कुप्या दिल्या तेव्हा चुकल्या नव्हत्या, नऊ लिहिले तेव्हाही फारशा चुकल्या नव्हत्या, इथं चुकल्या. काशीरामांचा जून त्यांच्या डोळ्यांपुढे आला, स्वतःची सतरा वर्षंही आली, आणि भागोजी काही त्या क्षणी समोर नव्हता. “बरं साहेब,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बुधवार गेला, गुरुवार गेला. बाई रोज देवकोंडला फोन करीत आणि काशीराम रोज सोमवार म्हणत. शुक्रवारी साडेदहाच्या गाडीतून दोघं उतरलेली बाईंना खिडकीतून दिसली. भागोजीच्या हातात पानात बांधलेले ओले काजूगर होते, बाईंसाठी. ते त्याने टेबलावर ठेवले आणि स्वतःच बाही वर सरकवली.

“आज नाही, भागोजी,” बाई म्हणाल्या. “इथल्या संपल्या.”

“नऊ व्हत्या ना?”

“त्या... त्या दुसऱ्यांच्या नावच्या होत्या. तुम्ही असं करा, रुळवणच्या रुग्णालयात जा. मोठं आहे, तिथं मिळेल. मी चिठ्ठी देते. आत्ताच्या आत्ता जा.”

आकडा खोटा लिहिला नव्हता, पण तोंडाने त्या खोटं बोलल्या, आणि तेही अशा माणसाशी, ज्याने नुसतं विचारलं होतं. गंगाने चिठ्ठी पदराच्या टोकाला बांधली. कुणी कुरकुर केली नाही. केली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. दुपारभर त्या स्वतःला समजावत राहिल्या की रुळवणला सुई मिळाली असेल. संध्याकाळी घरी जाताना त्यांचा त्यावर विश्वासही बसत आला होता.

शनिवारी सकाळी त्या कॉम्प्युटर लावायला बसल्या, तोच फोन वाजला. रुळवणच्या रुग्णालयातला औषधवाला. त्याने नमस्कारही केला नाही.

“बाई, चेष्टा चालवलीय का? तुमच्याकडे नऊ शिल्लक दाखवतंय आणि पेशंट माझ्या गळ्यात मारता? माझ्याकडे दोन आहेत, त्याही इथल्याच दोघांना उद्या द्यायच्यात. कालच्या तुमच्या माणसाला मी यादी दाखवली आणि परत पाठवला.”

“परत कुठं?”

“कुठं म्हणजे? तुमच्याकडे!”

पण भागोजी त्यांच्याकडे आला नव्हता. खाजण्याला त्याला कालच नाही म्हणून झालं होतं, रुळवणने खाजण्याचं नाव सांगितलं, आणि दोन्हीकडे त्याला अडवणारा आकडा एकच होता, बाईंनी स्वतःच्या हाताने भरलेला. त्यांनी वरच्या ऑफिसला फोन लावला आणि साहेबांना मध्ये बोलू न देता सगळं सांगून टाकलं. आठ कुप्या, थर्मास, हातखंबा, बारा वर्षांची उसनवारी. काशीरामांचं नावही सांगितलं. पलीकडचे साहेब आधी चिडले, मग घाबरले, मग म्हणाले, “हे सगळं लेखी द्या.”

“देते. लस कधी देता?”

लस मंगळवारी आली. वीस कुप्या. म्हणजे खरं बोलल्यापासून चौथ्या दिवशी. बाईंनी बोटांवर मोजलं. भागोजी पहिल्यांदा आला त्या मंगळवारीच बोलल्या असत्या, तर शुक्रवारी कुपी हातात असती. त्यांनी पुन्हा मोजलं. तेच उत्तर आलं.

भागोजीची वाट न बघता त्या स्वतः थर्मास घेऊन नर्सबाईंबरोबर निघाल्या. पावसच्या अलीकडे गाडीतून उतरून सड्यावरून अर्धा तास तापलेल्या कातळातून चालत गेल्या. भागोजी कुंपणाला काटेरी डहाळ्या बांधत होता. बाईंना बघून तो ओशाळला, जणू चूक त्याचीच होती.

“दोन दिस फिरन्यात गेले, मालक बोलला,” तो म्हणाला. “म्हटला, एक तर घेतलीय, बस झाली. तुमी कशाला एवढ्या उन्हाच्या आलात?”

तिसऱ्या दिवशीची सुई सातव्या दिवशी बसली. गंगाने ताक आणून दिलं. बाईंनी पुढची तारीख सांगितली आणि आता कुठं जायचं नाही, मी इथं येईन, असंही सांगितलं. शनिवारी त्या पुन्हा गेल्या. तिसरी सुई झाली. भागोजी ठणठणीत दिसत होता, मानेवरची जखम सुकली होती. परतीच्या गाडीत बाईंनी कितीतरी दिवसांनी खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले. वाटलं, निभावलं. अल्लाने लाज राखली.

गुरुवारी सकाळी भागोजीच्या घशाखाली पेज उतरेना. आधी मानेच्या जखमेला मुंग्या आल्या होत्या, ते त्याने कुणाला सांगितलंच नव्हतं. गंगाने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि त्याने तो झटकला. गंगाला वासरू आठवलं. शेजारच्या बागेतली चार माणसं घेऊन तिने त्याला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. त्यानंतरचं सांगण्यासारखं नाही. शनिवारी दुपारी भागोजी गेला.

सईदाबाई त्या दवाखान्यात गेल्या होत्या, पण खोलीत शिरायचं धाडस त्यांना झालं नाही. तिथल्या डॉक्टरांना त्यांनी बाहेरच गाठून विचारलं, दुसरी सुई वेळेवर मिळाली असती तर? डॉक्टर म्हणाले, “मानेवरचा चावा, पहिल्या सुईलाच दहा दिवस उशीर, सीरम नाही. वेळेवर मिळाली असती तरी वाचला असता की नाही, कुणी सांगू शकणार नाही.” या उत्तराने दिलासा मिळायला हवा होता. पण ‘नाहीच वाचला असता’ असं काही डॉक्टर म्हणाले नव्हते. बाई ते वाक्य दिवसातून शंभरदा मनात फिरवत आणि शंभरदा तिथंच येऊन अडकत.

चौकशी लागली. दोघांनाही कारणे दाखवा नोटीस आली. काशीरामांचा एकदाच फोन आला. “ताई, मी कुणाला मारलं नाही हो. चौघं वाचली माझी,” एवढंच म्हणाले, आणि त्यानंतर बारा वर्षांचा तो आवाज बंद झाला. वरून नवीन परिपत्रक निघालं: कोणत्याही केंद्राने परस्पर लशींची देवाणघेवाण करू नये, केल्यास कडक कारवाई होईल. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मात्र एकही नवा रकाना आला नाही. सगळ्या केंद्रांनी परिपत्रकावर सह्या करून ते फाइलला लावलं.

या सगळ्याच्या आधी, भागोजीला जाऊन तीन दिवस झाले होते तेव्हा गंगा केंद्रात आली. एकटीच. नवऱ्याची लाळ हातापायांना लागलेली, म्हणून तिलाही सुया घ्यायच्या होत्या. पहिली मोठ्या दवाखान्यात झाली, पुढच्या तुमच्या जवळच्या केंद्रात घ्या म्हणाले, आणि तिला जवळचं म्हणून खाजणंच आठवलं. फ्रीजमध्ये अठरा कुप्या होत्या. नर्सबाईंनी सुई दिली. गंगा दंड चोळत सईदाबाईंच्या टेबलापाशी येऊन बसली.

“सगळ्यांनी हाकलला आमाला, बाय. तुमी तेवढ्या उन्हातान्हाच्या घरी आलात. ह्ये शेवटी बोलायला लागले तवा पन बोलले, खाजन्याची बाय चांगली.”

बाईंना ते सहन झालं नाही. त्यांनी सगळं सांगितलं. आठ कुप्या कुणाला दिल्या, पडद्यावर नऊ का राहिले, रुळवणने का परत पाठवलं, फोनवर साहेबांपुढे आपण गप्प कशा बसलो. सांगताना त्यांना रडू येत होतं आणि छातीवरचं काहीतरी उतरतही होतं.

“ती चौघं जगली?” गंगाने शेवटी विचारलं.

“हो.”

“पोरं व्हती त्यात?”

“दोन.”

गंगाने मान हलवली. मग म्हणाली, “मग मला कशाला सांगितलात? एक मानूस चांगला भेटला व्हता, असा म्हनत व्हते मी. ह्ये पन तसाच म्हनत गेले. तुमचा तुमच्यापाशी ठेवायचा व्हतात.”

स्वतःला हलकं करायला बाईंनी गंगाकडे उरलेलं तेवढंही काढून घेतलं होतं, हे त्यांना ती बोलल्यावर कळलं.

गंगा उठली. “पुढची सुई कदी?”

“शनिवारी. इथं ठेवलीय मी, तुमच्या नावाने.”

“हितं न्हाय मी येनार. दुसरीकडं कुठं हाय काय, ते बघा तुमच्या मशिनीत.”

बाईंनी डोळे पुसले, यादी लावली. केंद्रांची नावं एकाखाली एक सरकत गेली. “आडिवलीला आहेत. सहा दाखवतंय.”

“दाखवतंय, का हायत?”

सईदाबाई पडद्यावरच्या त्या सहाकडे बघत राहिल्या. आडिवलीच्या औषधवाल्याला त्या चांगलं ओळखत होत्या. भला माणूस होता, कुणी मागितलं तर नाही म्हणणारा नव्हता.